गणपतराव देशमुखांचे अकरा विजय, आणि दोन पराभव

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख खरंच अकरा वेळा निवडून आले का? 'सलग ५५ वर्षं आमदार, देशातला विक्रम' असं जे फिरतंय ते बरोबर आहे का? आणि पैसा, कारखाना, मोठा पक्ष असं काहीच हाताशी नसताना हे जमलं कसं, निव्वळ साधेपणावर? मी सांगोला तालुक्यातला, आता पोटापाण्यासाठी पुण्यात. आमच्याकडे त्यांना सगळे आबा म्हणत, त्यामुळे खाली कुठे आबा आलं तर चालवून घ्या.

आधी आकडे. अकरा वेळा, हे खरं. १९६२ आणि १९६७ ला विजय, १९७२ ला पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पराभव. नंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. सगळं सांगोल्यातून, सगळं शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून. बरेच जण निवडणूक आयोगाचे अहवाल घेऊन मोजतात आणि दहावर अडकतात, कारण सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात १९७४ ची पोटनिवडणूक नसते. गडबड तिथे होते.

'सलग' मात्र साफ चूक. मध्ये दोन खंड आहेत. पहिली दहा वर्षं, मग १९७४ ते ९५ ही वीस-एकवीस आणि शेवटची वीस, म्हणजे बेरीज एक्कावन्नच्या आसपास जाते. पंचावन्न कुठून आलं ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच विचारा. देशातला विक्रमही नाही. करुणानिधी १३ वेळा तामिळनाडूच्या विधानसभेवर निवडून आले, केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा आणि ओमन चंडी पुतुप्पळ्ळीतून १२ वेळा. महाराष्ट्रात मात्र अकराच्या पुढे कोणी गेलेलं नाही. तेवढं पुरेसं आहे, त्याला फोडणी द्यायची गरज नाही.

आता 'कसं जमलं'. इथे लोक लगेच एसटीच्या प्रवासावर येतात. ते एसटीने फिरत, राहणी साधी होती, हे खरंच आहे. पण साधी राहणारी माणसं शेकापमध्ये ढिगाने होती. तरी पक्षाचं काय झालं बघा. १९६२ मध्ये शेकापचे १५ आमदार, १९६७ मध्ये १९, १९७२ मध्ये ७, १९७८ मध्ये १३, १९९५ मध्ये ६, २००४ मध्ये फक्त २. साधेपणाने निवडणुका जिंकता आल्या असत्या तर हा पक्ष आज राज्य करत असता. म्हणून माझं म्हणणं असं की आबांचे विजय बाजूला ठेवा, पराभव वाचा. सांगोल्याचं राजकारण त्यात जास्त दिसतं.

पहिला पराभव १९७२ चा, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून. निवडणूक मार्चमध्ये झाली. बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकलेली, इंदिरा गांधींची लाट, काँग्रेसच्या राज्यात २७० पैकी २२२ जागा. त्या लाटेत शेकापची भलीभली माणसं वाहून गेली, तसेच हे. यात विशेष काही नाही. विशेष आहे ते त्यानंतरच्या दोन वर्षांत. पाऊस आधीच ओढ देत होता, त्या साली तो पारच गेला आणि आमचा तालुका खडी फोडायला रस्त्यावर आला.

माझी आजी त्या सरकारी दुष्काळी कामावर होती. ती सांगायची ते राजकारण नव्हतं, हिशेब होता. मातीकामाला चौकडी ठरलेली, म्हणजे अमुक लांब, अमुक रुंद, अमुक खोल खड्डा. संध्याकाळी मुकादम टेप लावणार. "चौकडी भरली न्हाय तर हजेरी आर्धी," हे तिचं पालुपद. खाली मुरूम लागला की चौकडी भरायचीच नाही, आणि मुरूम लागला हे मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, कुठे लिहायचं? खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, पोरांना सुकडी. हजेरी मांडली का, माप बरोबर घेतलं का, आठवड्याचं पेमेंट कधी, काम गावापासून किती लांब, हेच तेव्हा तालुक्याचं राजकारण होतं. आबा मुळात वकील, सांगोल्यात वकिली केलेले. मस्टर आणि मोजमाप हा कागदाचाच विषय, आणि कागद वाचता येणारा माणूस तेव्हा गावागावांत हवा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यावरून अंदाज करा.

काकासाहेबांचं निधन झालं, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबा परत आले. माझ्या मते गणपतराव देशमुख हे जे नाव आपण आज घेतो ते तिथे घडलं. १९६२ ला निवडून आला तो शेकापचा एक तरुण उमेदवार. १९७४ ला आला तो दुष्काळी मजुराचा वकील.

रोजगार हमी योजना आधीपासून होती, तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्याचं मुख्य श्रेय तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं, ते हिरावून घेऊ नये. पण कायद्याच्या मागे जो रेटा होता त्यात शेकापसारख्या विरोधी पक्षांचे मोर्चे होते. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप काढून बघावी. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो १९७५ चा कर याच योजनेसाठी लावलेला. म्हणजे आमच्या आजीसारख्यांच्या चौकडीचे पैसे पुढे तुमच्या पगारातून जात होते. पुढे १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब आलं. त्या डाळिंबाने तालुक्यात सिमेंटची घरं उठवली. नंतर तेल्या, मर आणि खोडकिडीने तीच बाग मोडली, पण तो वेगळा धागा होईल.

'पैसा नव्हता, संस्था नव्हती' हेही अर्धंच खरं. सोलापूर जिल्ह्यात आमदार तयार होतो साखर कारखान्यात. ऊस, गळीत, वाहतूक, सभासद, आणि मग विधानसभा. आबांकडे कारखाना नव्हता, पण शेतकरी सहकारी सूतगिरणी होती. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी काढायची हा प्रकार ऐकायला हसण्यासारखा वाटतो. पण राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या अवसायनात गेल्या आणि ही चालली. तालुक्यातल्या पोरांना रोजगार मिळाला, गावोगाव कार्यकर्त्याला टेकायला जागा झाली. संस्था असणं आणि संस्था खाणं यात फरक आहे, एवढंच म्हणेन.

दुसरी गोष्ट लोक चारचौघात बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. आबा धनगर समाजाचे, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे आणि तो बहुतांशी त्यांच्यामागे राहिला. हे सांगितल्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. मराठा नेतृत्वाच्या जिल्ह्यात, डाव्या पक्षाच्या लाल बावट्याखाली धनगर वकील पन्नास वर्षं टिकतो, तेव्हा जातीचं गणित, वर्गाचं गणित आणि माणूस तिन्ही जुळलेले असतात. फक्त जातीवर निवडून यायचं तर १९९५ ला हरले नसते.

१९९५ ही गंमतच. राज्यभर सेना-भाजपची हवा, काँग्रेसची पडझड, आणि सांगोल्यात मात्र आबांना हरवलं काँग्रेसच्या तरुण शहाजीबापू पाटलांनी, १९२ मतांनी. हो, तेच 'काय झाडी, काय डोंगार' वाले. देशाला ते २०२२ मध्ये गुवाहाटीच्या फोनवरून कळले, आम्ही त्यांना पंचवीस-तीस वर्षं ऐकतोय. आबा विरुद्ध बापू हा आमच्याकडे जवळजवळ खेळासारखा पाच वर्षांनी व्हायचा. १९२ मतं म्हणजे एका वाडीची मतं. तोवर एकवीस वर्षं सलग आमदारकी झाली होती, आणि पाण्याचा प्रश्न तिथेच होता.

कारण पाणी हीच त्यांची ताकद आणि तीच दुखरी नस. टीकाकार कायम विचारत, 'पन्नास वर्षं आमदार, मग तालुका कोरडा का?' प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग असा की त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. मंत्रिपद दोनदाच, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारमध्ये आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. पहिलं सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. दुसऱ्यात पणन आणि रोजगार हमी खातं होतं, ते २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या भांडणातून शेकापने पाठिंबा काढल्यावर सोडावं लागलं. म्हणजे अलिबागच्या वादात सांगोल्याचं मंत्रिपद गेलं. पक्षशिस्त म्हणून कौतुक करा, तालुक्याच्या पदरात काय पडलं ते मला विचारू नका.

उत्तराचा दुसरा भाग भूगोलाचा. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, माण नदी बारा महिन्यांतले बहुतेक दिवस वाळू. नीरा उजव्या कालव्याचं पाणी यायचं, पण आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. टेलला असणं म्हणजे काय ते वरच्या शेतकऱ्याला कधीच कळत नाही. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात वाचायची आणि चारीत उतरून बघायचं तर तळ कोरडा, भेगा पडलेला, शेवाळ वाळून पापडासारखं झालेलं. म्हणून कृष्णेचं पाणी उचलून आणण्याच्या टेंभू आणि म्हैसाळ योजना आमच्यासाठी जीव की प्राण. त्यासाठी नव्वदच्या दशकापासून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा यांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद चालवली. दरवर्षी तीच मागणी, तेच ठराव. कंटाळवाणं काम आहे हे. पण पाणी आलं ते या कंटाळ्यातूनच आलं, थोडं, उशिरा आणि सगळ्या गावांना नाही. ते आणखी लवकर आणता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. सत्तेशी फटकून राहण्याची किंमत तालुक्याने मोजली हे म्हणणं मला पूर्ण खोडून काढता येत नाही.

शेवटच्या दोन-तीन निवडणुकांत आणखी एक गोष्ट होती. तालुक्यात दोन नव्हे, तीन गट. तिसरा दीपक साळुंख्यांचा, तो ज्या पारड्यात बसेल ते खाली. २०१४ ला हा गट आबांकडे होता, २०१९ ला बापूंकडे. वयामुळे २०१९ ला आबा थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच, या वेळी शिवसेनेकडून. आबा ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले, वय ९४. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले, समोर दोन्ही शिवसेना असताना. शिंदेंकडून बापू, ठाकरेंकडून साळुंखे. तिन्ही गट एकदाच सुटे लढले आणि आबांची जुनी मतं किती ते उघड झालं. त्या विधानसभेत शेकापचा तो एकमेव आमदार.

इथे माझी तक्रार आहे आणि ती मी गावातही बोलून दाखवतो. आयुष्यभर घराणेशाहीच्या विरोधात बोललेल्या पक्षाला आबांनंतर घरातलाच माणूस शोधावा लागला. नातू चांगले आहेत, शिकलेले आहेत, तो मुद्दा नाही. पन्नास वर्षांत दुसऱ्या फळीतला एक कार्यकर्ता आमदारकीच्या उंचीचा झाला नाही, किंवा होऊ दिला गेला नाही. यातलं खरं काय यावर आमच्या पारावर अजून भांडणं होतात.

तुम्हाला यावर लिहायचं असेल तर श्रद्धांजलीचे लेख वाचत बसू नका, सगळे एसटीपाशी सुरू होऊन एसटीपाशीच संपतात. विधिमंडळाच्या ग्रंथालयात सभागृहाची छापील कार्यवाही मिळते, त्यात दुष्काळ, रोजगार हमी आणि कृष्णा खोऱ्यावरच्या चर्चा काढा. मुंबईला जाणं शक्य नसेल तर रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात या. खिलार बैलांचा सौदा चाललेला असतो, तिथे साठीच्या पुढच्या कोणालाही '७४ ची पोटनिवडणूक' एवढंच म्हणा आणि खाली बसा. त्या पोटनिवडणुकीची मतांची आकडेवारी कोणाकडे जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात असेल तर इथे फोटो टाका, मी बरीच वर्षं शोधतोय.