पदकाची कड आधी वाच

प्रिय तरुण संग्राहकास,
अनेक आशीर्वाद.

मटन स्ट्रीटवरच्या, म्हणजे मुंबईच्या चोर बाजारातल्या, ब्रिटिश वॉर मेडलचे (पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना मिळालेल्या पदकाचे) फोटो मिळाले. पुढून राजाचा मुखवटा, मागून घोडेस्वार. कडेचा मात्र एकही नाही. अशी पदकं लाखोंनी निघाली. त्यांना मोल येतं ते कडेवर ठोकलेल्या सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण यांमुळे, म्हणून लबाडीही तिथंच होते. साधं नाव घासून नामांकित पलटणीतलं नाव घालतात.

दहापट भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. व्यास 36 मिमी हवा. तो चार-पाच दिशांनी मोज. कड घासली असेल तिथे माप घटतं आणि चकाकी बदलते. साच्यातून ओतलेली नक्कल सगळीकडूनच किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. तिच्यावर बारीक छिद्रं असतात आणि अक्षरं बोथट दिसतात. ठोकलेल्या अक्षराभोवती धातू जरा वर उचललेला असतो, कोरलेल्याची रेघ कापल्यासारखी दिसते. या पदकावर ठोकलेलं नाव अपेक्षित आहे. त्याआधीच्या हिंदुस्थानी मोहिमांच्या पदकांवर मात्र कोरीव नावंही अस्सल असतात, ती सरसकट नाकारू नकोस. हेच पदक कांस्यातही निघालं, मजूर तुकड्यांसाठी. चांदी नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता पलटण. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या, म्हणून त्यांच्या नावाला भाव चढतो आणि संशयही तिथंच जास्त घ्यावा लागतो. 1922 मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर हे नवं नाव दिसलं तर थांब आणि कारण शोध. जोडीला व्हिक्टरी मेडल (त्याच युद्धाचं दुसरं पदक) दाखवत असतील तर दोन्हींवरचा क्रमांक आणि पलटण जुळली पाहिजे. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला फरक मनावर घेऊ नकोस. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच जाधवांची दोन रूपं सहज सापडतात. नुसता क्रमांकही पुरत नाही, तो दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असू शकतो.

फीत शेवटी बघ. अतिनील टॉर्चखाली निळसर-पांढरी चमकली तर धागा बहुधा अलीकडचा. पण फिती झिजतात, बदलल्या जातात. नव्या फितीवरून पदकाचा निकाल लावणं चूक.

घेतलंस तर पितांबरी, ब्रासो काही लावू नकोस. घासल्यानं अक्षरांच्या कडा गोल होतात, मग पुढच्या माणसाला खरंखोटं ठरवता येत नाही. रबरबँड आणि पीव्हीसीची पाकिटं टाळ. मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेव आणि दमट झालं की बदल. कुणाच्या घरातून आलं, हे विक्रेत्याला विचार आणि तारखेसह लिहून ठेव. एका माणसाची पदकं एकत्र असतील तर ती कधीच फोडू नकोस.

परदेशी विकण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी कर. 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाची बहुतेक पदकं आता त्या वयाला पोचली आहेत.

कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढ, चारही बाजूंनी. व्यासाची मापंही सोबत पाठव. तोवर बयाणा देऊ नकोस.