आपण तर लीगल, मग आपल्याला काय? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही विचारलंय की कांदिवलीहून एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत न्यू जर्सीला यायचंय, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत, तर तिकडे इल्लीगल लोकांवरून जो राडा चाललाय त्याची झळ आपल्यासारख्या लीगल लोकांना बसते का. फी, फॉर्म वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही.

मी गिरगावची. आले तेव्हा मीही हेच म्हणायचे, आम्ही रीतसर लायनीत उभं राहून आलो. मग एकदा मुंबईहून परत येताना एअरपोर्टवरच्या ऑफिसरने आमच्या दोघांचा आय-९४ (किती तारखेपर्यंत राहता येईल ते सांगणारी नोंद) कंपनीने केलेल्या व्हिसाच्या अर्जाच्या, म्हणजे पिटिशनच्या, तारखेपर्यंत दिला आणि लेकीचा फक्त तिच्या पासपोर्टच्या तारखेपर्यंत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो आम्ही वेळेत रिन्यू केला, पण त्याने आय-९४ची तारीख पुढे सरकत नाही हे कंपनीच्या वकिलाने कधी सांगितलंच नाही. कळलं तेव्हा तारीख उलटून गेलेली. म्हणजे रोज पोळीभाजीचा डबा घेऊन स्कूलबसमध्ये चढणारी आमची पोरगी कायद्याने अनडॉक्युमेंटेड! वकील शांतपणे म्हणतो, देशाबाहेर जाऊन परत या, नवीन मिळेल. तिकिटं आमच्या खिशातून आणि सल्ल्याची फी वर. आजही आठवलं की डोकं फिरतं.

शाळेत मात्र काहीच अडलं नाही. कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९८२चा प्लायलर विरुद्ध डो निकाल आहे तसा.

तेव्हापासून या बिनकागदाच्या लोकांची बाजू मांडणारे काय बोलतात ते मी कान देऊन ऐकते. एक म्हणतो ते टॅक्स भरतात. भरतातच, आयटीईपी नावाच्या टॅक्सचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा २०२२चा अंदाज ९६.७ अब्ज डॉलरचा आहे. दुसरा म्हणतो शेतात, हॉटेलांच्या किचनमध्ये तेच राबतात. अहो पण उपयोगाचा म्हणून राहू द्यायचं तर पाठ धरली की काय करायचं त्याचं? तिसरा ड्रीमर्सचा, म्हणजे लहानपणी इथे आणलेल्या बिनकागदाच्या मुलांचा, आईबापांनी आणलं, मुलांचा काय दोष. लोकांना हे पटकन पटतं, पण यात सगळं खापर आईबापांवर, आणि पुढे त्यातलीच बरीच पोरं उभी राहून सांगायला लागली की आमच्या आईबापांना गुन्हेगार ठरवून आम्हाला वाचवू नका. शिवाय अशा मुलांना हाकलण्यापासून तात्पुरतं वाचवणाऱ्या २०१२च्या डाका योजनेला तारखेची अट, १५ जून २००७पासून इथे असलेले आत, नंतरचे बाहेर. मुंबईकराला कट-ऑफ डेट वेगळी सांगायला नको, झोपडीच्या बदल्यात फुकट घराला १ जानेवारी २००० आहेच. मला त्यातल्या त्यात पटतं ते एवढंच की मुदत उलटून राहणं हे इथे सिव्हिल मॅटर आहे, फौजदारी गुन्हा नाही, आणि ती मुदत कोणाचीही उलटू शकते.

आता माझं दुखणं. मुलगी २१ची झाली की एच-४, म्हणजे आईबापांच्या व्हिसावर मिळणारा तिचा व्हिसा, संपतो, आणि ग्रीन कार्डांपैकी एका देशाला जास्तीत जास्त सात टक्के या नियमामुळे आपल्या लोकांची रांग काही सरकत नाही. अशा मुलांना डाकाही नाही, कारण २०१२ला डाका आला तेव्हा कायदेशीर स्टेटस नसणं हीच तिथली अट. म्हणजे कागद होते म्हणून बाहेर! आम्ही सह्या गोळा करतो, इथल्या खासदारांच्या ऑफिसात फोन लावतो, आणि त्या फोनवर माझ्याच तोंडून निघतं की आमची मुलं नियमाने आलेली, तशी नाहीत. लेक बाजूच्या खोलीतून ऐकत असते. एकदा जेवताना म्हणाली, आई, तशी म्हणजे कशी? मी आमटी वाढली. पुढचा फोन आला की परत तेच बोलते, कारण तेच चालतं.

एकटेपणाचं विचारलंत, तो असतो, बायकोला काम करता येणार नसेल तर दुपारी जास्त, आत्ताच बोलून घ्या.

आणि मुलीचा पासपोर्ट तिकीट काढायच्या आधी रिन्यू करा. उतरल्यावर तिघांचेही आय-९४ डाउनलोड करून तारखा बघा, स्वतःचा बघून सोडू नका.