₹२ कापले, ₹२३,६०० अडकले: सिंगल-यूज व्हर्च्युअल कार्डाचं नेमकं बिघडतं कुठे

तुमची पोस्ट वाचली. इंदूरच्या सांवेर रोडवरचं युनिट, बँकेने कमर्शियल कार्डासोबत व्हर्च्युअल कार्डं (प्लास्टिक नाही, नुसता नंबर) बनवायचं पोर्टल दिलेलं. डिझाइन सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणासाठी तुम्ही ₹२३,६०० चं (वीस हजार अधिक १८ टक्के जीएसटी) सिंगल-यूज (एकदाच चालणारं) कार्ड बनवलं. वेबसाइटने आधी ₹२ कापले आणि मग खरी रक्कम 'डिक्लाइन'. पोर्टलवर कार्डापुढे 'यूज्ड' लिहून आलं. बँक म्हणते मर्चंटला (विक्रेत्याला) विचारा, मर्चंट म्हणतो बँकेला विचारा. हे दुखणं फार ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. कार्ड कसं बनवायचं, मंजुरी कोण देणार वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देते. मी सीए नाही, आणि पोर्टलवरची नावं बँकेगणिक बदलतात, एवढं आधी सांगून ठेवते.

ते ₹२ म्हणजे पडताळणीचं ऑथरायझेशन. कार्ड चालू आहे का, एवढंच साइट त्यातून तपासते. ऑथरायझेशन म्हणजे त्या क्षणी बँकेने दिलेलं हो किंवा नाही. पैशांचा हिशेब नंतर क्लिअरिंगमध्ये होतो आणि मर्चंटच्या खात्यात रक्कम सेटलमेंटला पडते. तुम्ही पोर्टलवर लावता ते जवळजवळ सगळे कंट्रोल फक्त पहिल्या पायरीवर चालतात. सिंगल-यूजचा अर्थ बहुतेक प्रणालींमध्ये 'एक मंजूर ऑथरायझेशन' असा असतो. बिल किती, माल किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमचं ते एक ऑथरायझेशन ₹२ ने खाल्लं. बँकेच्या दृष्टीने सगळं नियमात झालं, म्हणून हेल्पडेस्कला त्यात चूक दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. जिथे आधी पडताळणी होते (सॉफ्टवेअर, जाहिराती, क्लाउड, बहुतेक सगळं ऑनलाइन नूतनीकरण) तिथे सिंगल-यूज वापरूच नका. मल्टी-यूज कार्ड घ्या, एकूण मर्यादा ₹२४,००० ठेवा, व्यवहारांची संख्या तीन, मुदत दहा दिवस. पैसे गेले की मर्यादा खाली आणा. संरक्षण जवळपास तेवढंच मिळतं आणि ₹२ मुळे काम अडत नाही. 'एक्झॅक्ट अमाउंट' (ठरलेलीच रक्कम, कमी-जास्त नाही) हा पर्याय तर मी फक्त पक्क्या बिलावरच्या एकरकमी पेमेंटसाठीच योग्य मानते. तीन पार्सलांत माल पाठवणारे विक्रेते अनेकदा प्रत्येक पार्सलला वेगळं ऑथरायझेशन घेतात. चाळीस हजारांची ऑर्डर आणि कार्डावर 'बरोबर चाळीस हजार' असेल, तर पहिलं पार्सलही सुटणार नाही.

आता ज्याने सर्वात जास्त नुकसान होतं ते. एका बँकेचा कार्ड विभाग, नाव लिहीत नाही, आम्हाला प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचा: "कार्ड अ‍ॅक्टिव्ह आहे, लिमिट शिल्लक आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही निरुपयोगी. खरं कारण होतं एमसीसीचा (मर्चंटच्या व्यवसाय-प्रकाराच्या कोडचा) साचा. खातं उघडताना बँकेने स्वतःच्या बाजूने व्यवसाय-प्रकारांची एक यादी चढवली होती, तिच्यात जाहिरात सेवा नव्हत्या, आणि ती यादी आमच्या पोर्टलवर दिसतच नव्हती. पोर्टलवर आम्ही काहीही उघडलं तरी वरचा साचा अडवायचा. एका माणसाने लॉग उघडून पाहिला असता तर पाच मिनिटांत सुटलं असतं. त्याऐवजी जाहिराती बंद पडल्या, कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या कार्डावर पैसे भरले, आणि त्या परताव्यांचा घोळ ऑडिटपर्यंत गेला. याचा राग अजून आहे, कारण ग्राहकाला कारण सांगणं हे त्या विभागाचं कामच आहे.

म्हणून "डिक्लाइन का झालं" असं मोघम विचारू नका. रिस्पॉन्स कोड मागा. दोन आकड्यांचा असतो. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ मुदत संपलेली, १४ कार्ड नंबरच चुकीचा. ६१ रकमेची मर्यादा ओलांडली, ६५ व्यवहारांची संख्या ओलांडली. ५७ म्हणजे या कार्डाला हा प्रकार परवानगीत नाही, ६२ निर्बंधित कार्ड. तुमच्या बाबतीत ६५ निघेल असा माझा अंदाज आहे. ०५ मात्र काहीच सांगत नाही, नुसता नकार. मर्चंटच्या पडद्यावर बरेचदा हाच ०५ येतो, आत कारण वेगळंच असतं. म्हणून कोड मर्चंटकडून घेऊ नका, कार्ड देणाऱ्या बँकेच्या ऑथरायझेशन लॉगमधून घ्या, आणि सोबत कोणता नियम लागला तेही लेखी मागा.

एमसीसीबद्दल थोडं अधिक, कारण इथेच सगळे घसरतात. हा चार आकडी कोड मर्चंटला त्याची बँक देते. तुम्ही काय विकत घेतलं त्यावर तो ठरत नाही. ७०११ म्हणजे हॉटेल हे सगळीकडे सापडतं, पण मोठ्या हॉटेल साखळ्यांना ३५०१ पासून पुढे स्वतंत्र कोड आहेत. विमान कंपन्यांचंही तसंच: ४५११ हा सर्वसाधारण कोड, पण अनेक कंपन्यांचे स्वतःचे कोड ३००० च्या मालिकेत आहेत. तिकीट एजंटाकडून काढलं तर ४७२२. तेव्हा 'प्रवास' म्हणून ४५११ आणि ७०११ एवढेच उघडले, तर विजयनगरमधलं छोटं हॉटेल चालतं आणि साखळीतलं अडतं. जाहिरातींसाठी ७३११ बघा. शंका असेल तर त्या मर्चंटचा जुना व्यवहार कोणत्याही कार्डाच्या तपशिलात शोधा, पुष्कळ पोर्टलांवर कोड दिसतो. नाहीतर सगळ्यात छोटी वस्तू घेऊन पाहा.

मर्चंट लॉक (कार्ड एकाच विक्रेत्याकडे चालेल असं बांधून ठेवणं) हा पर्याय ऐकायला छान वाटतो, पण पहिल्या व्यवहाराआधी लावू नका. एकच विक्रेता दोन पेमेंट गेटवे वापरत असेल तर त्याचे मर्चंट आयडी दोन असतात, आणि लॉक दुसऱ्याला ओळखत नाही. आधी एक व्यवहार होऊ द्या, स्टेटमेंटवर नाव कसं उमटतं ते बघा, मग लॉक लावा.

मर्यादांचे थर लक्षात ठेवा: कंपनीची एकूण मर्यादा, त्याखाली विभागाची किंवा मूळ कार्डाची, त्याखाली व्हर्च्युअल कार्डाची. जी सर्वात कमी ती लागू. हॉटेलने प्री-ऑथ (आगाऊ ऑथरायझेशन) म्हणून अडकवलेली रक्कमही वरच्या थरातून वजा होते, जरी ती अजून कापली गेलेली नसली तरी. महिन्याच्या शेवटी "लिमिट आहे पण व्यवहार होत नाही" याचं कारण बहुधा तेच असतं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे नवीन कार्डावर ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर आपण सुरू केल्याशिवाय चालत नाही. मूळ कार्डावर आंतरराष्ट्रीय बंद असेल, तर खालच्या व्हर्च्युअल कार्डावर ते सुरू करून उपयोग होईलच असं नाही. बँकेला विचारून घ्या.

दोन मुदती वेगळ्या असतात हेही सांगून ठेवते. कार्डाची एक्स्पायरी मर्चंटला दिसते, तुमची नियंत्रण-मुदत त्याला दिसत नाही. १ ते १० तारखेची मुदत लावलेलं कार्ड ११ तारखेला नाकारलं जातं, आणि मर्चंट शपथेवर सांगतो की कार्ड अजून दोन वर्षं चालू आहे. हॉटेलसाठी मुदत चेक-आउटनंतर किमान आठवडाभर ठेवा.

हॉटेलवरून आठवलं. सर्व्हिसला जाणाऱ्या चौघांसाठी व्हर्च्युअल कार्ड देताय असं तुम्ही लिहिलंय. रिसेप्शनवर ते स्वाइप होणार नाही, आणि भारतात काढलेल्या कार्डाचा नुसता नंबर टाईप करून हॉटेल पैसे घेऊ शकत नाही, ओटीपीसारखा दुसरा घटक लागतोच. तेव्हा बुकिंगच्याच वेळी पूर्ण पैसे भरा, नाहीतर हॉटेलकडून पेमेंट लिंक मागवा. 'पे अ‍ॅट हॉटेल' टाळा. आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो हे कार्ड बनवण्याआधी ठरवा. अनेक ठिकाणी तो डिफॉल्टने अ‍ॅडमिनकडे जातो, म्हणजे रात्री अकराला बडोद्यात उभा असलेला मुलगा तुम्हाला झोपेतून उठवणार. प्रत्येक व्हर्च्युअल कार्डाला वेगळा मोबाइल नंबर लावता येतो का, हा प्रश्न बँकेला सगळ्यात आधी विचारा. 'नाही' असं उत्तर आलं तर प्रवासासाठी ती योजना घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता: बुकिंगमध्ये जीएसटी क्रमांक टाका (तुमचा २३ ने सुरू होणारा), कारण कार्डाचं स्टेटमेंट म्हणजे कर-बीजक नव्हे. पण गुजरातच्या हॉटेलात लागलेला तिथला सीजीएसटी-एसजीएसटी मध्य प्रदेशच्या नोंदणीवर क्रेडिट म्हणून मिळत नाही, तो खर्चातच धरा. खात्री तुमच्या सीएकडून करून घ्या.

परकीय चलनात बिल असेल तर फट ठेवा. मार्कअप (चलन बदलण्याचं बँकेचं शुल्क) साधारण २ ते ३.५ टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३.५ चे प्रत्यक्षात ४.१३ होतात. त्यात ऑथरायझेशनचा दर एका दिवसाचा, क्लिअरिंगचा दुसऱ्या दिवसाचा. मी रकमेवर सहा-सात टक्के टॉलरन्स (जास्तीची मोकळीक) ठेवते. अचूक रक्कम टाकून परदेशी बिल भरायला जाणं म्हणजे नकार ओढवून घेणं.

दरमहा कापल्या जाणाऱ्या सेवांसाठी वेगळा हिशेब. १ ऑक्टोबर २०२२ पासून मर्चंट कार्डाचा नंबर साठवू शकत नाही, त्याऐवजी टोकन (बदली कोड) साठवतो. देशांतर्गत ई-मॅन्डेट (आपोआप कपातीची परवानगी) एकदा नोंदला की ₹१५,००० पर्यंतची कपात ओटीपीशिवाय होते, २४ तास आधी सूचना येते. त्यावर गेलं की प्रत्येक वेळी ओटीपी. तुमच्या बँकेचं व्हर्च्युअल कार्ड मॅन्डेट घेतं का ते विचारा, सगळी घेत नाहीत. सर्व्हर होस्टिंगसारख्या गोष्टींना एक कार्ड, एक सेवा असंच ठेवा आणि ते कार्ड कोणी सफाईच्या नादात डिलीट करणार नाही याची काळजी घ्या.

डिलीट करण्याबद्दलच. कार्ड बंद केलं तरी आधी मंजूर झालेल्या ऑथरायझेशनचं क्लिअरिंग येतंच, ते थांबत नाही. रिफंडही त्याच नंबरवर येतो. क्रेडिट प्रकारात बँक तो मूळ खात्याशी जोडून घेते, पण प्रीपेड (आधी पैसे भरून ठेवायच्या) प्रकारात तो अडकू शकतो. म्हणून परतावा येण्याची शक्यता संपेपर्यंत कार्ड बंद करू नका, मर्यादा ₹१ करून ठेवा. आणि तुमच्याकडचं कार्ड नक्की क्रेडिट आहे की प्रीपेड ते करारात बघा. खर्च-व्यवस्थापनाच्या अनेक अ‍ॅपची कार्डं प्रीपेड असतात. त्यात शिल्लक ₹२ लाखांच्या वर ठेवता येत नाही आणि जून २०२२ पासून उधारीच्या मर्यादेतून ती भरताही येत नाहीत. 'पंचेचाळीस दिवस बिनव्याजी' हे त्यांना लागू नाही.

करारात 'लायबिलिटी' (थकबाकीची जबाबदारी) हे कलम शोधा. कंपनीची, कर्मचाऱ्याची की दोघांची संयुक्त? संयुक्त असेल तर चौघांपैकी कोणाचीही सही घेऊ नका. कंपनीच्या थकबाकीचा बोजा पगारदार माणसावर टाकणं मला अजिबात पटत नाही.

सियागंजच्या व्यापाऱ्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, जे कार्ड घेत नाहीत. मधला कोणीतरी कार्डावरून पैसे घेऊन त्यांच्या खात्यात टाकतो अशा योजनांपासून लांब राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका कार्ड नेटवर्कची अशी व्यावसायिक व्यवस्था थांबवायला लावली होती. त्यांना सरळ एनईएफटी करा.

आता बँकेला मेल लिहा. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, मिनिटापर्यंत वेळ, रक्कम, मिळाला असेल तर बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), आणि तीन मागण्या: दोन्ही ऑथरायझेशनचे रिस्पॉन्स कोड, लागलेला नियम, आणि तुमच्या कार्ड-योजनेवर चढवलेल्या एमसीसी साच्याची प्रत. तिसरी मागणी सोडू नका. शाखेत तोंडी बोलू नका, तक्रार क्रमांक घ्या, कारण ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच लागतो. कोड मिळाला की इथे टाका, कार्डाचे बाकीचे आकडे लपवून.