पत्रा काढून फायबर बसवावे का?

प्रश्न : वडिलांनी हौसेने घेतलेली १९६६ सालची एमजीबी रोडस्टर माझ्याकडे आहे. माहीमला समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिल्यामुळे तिची पुढची दोन्ही मडगार्डे आणि दारांखालचे पत्रे (सिल) सडले आहेत. गाडी शर्यतीसाठी नाही. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह आणि वर्षातून एक-दोनदा लोणावळा, एवढीच तिची धाव. एका गॅरेजवाल्यांनी बॉनेट, मडगार्डे, दरवाजे आणि सिल असा फायबरचा पूर्ण संच सुचवला असून, गाडी पुष्कळ हलकी होईल असे ते म्हणतात. संच घ्यावा का? रंग गडद हिरवा द्यायचा आहे.
— एक वाचक, माहीम

उत्तर : पूर्ण संच घेऊ नये. पुढची मडगार्डे तेवढी घ्यावीत, आणि तीही जाड.

एमजीबीला स्वतंत्र चॅसी नाही. गाडीचा सांगाडा म्हणजे तिची बॉडीच. पुढची मडगार्डे बोल्टने बसवलेली असल्यामुळे ती बदलली तरी गाडीच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही; मात्र दारांखालचे सिल वेल्डिंगने जोडलेले असून, छप्पर नसलेल्या या गाडीचा कणा तेच आहेत. सडलेल्या सिलवर फायबरची पट्टी चिकटवणे म्हणजे मोडक्या हाडावर नवा सदरा चढवणे होय. तेथे पत्राच कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, आणि आपला मोठा खर्च तोच आहे. दरवाजेही पोलादीच ठेवावेत, कारण बाजूने धक्का बसल्यास आपल्या आणि समोरच्या वाहनाच्या मध्ये तेवढाच आडोसा असतो.

बॉनेटला आधी लोहचुंबक लावून पाहावा. त्या काळच्या एमजीबींना कारखान्यातूनच अॅल्युमिनियमचे बॉनेट येत असे. चुंबक चिकटला नाही, तर आपले बॉनेट रस्त्यावर चालण्याजोग्या फायबरच्या बॉनेटपेक्षा हलकेच भरेल, आणि ते काढून टाकणे हा निव्वळ तोटा ठरेल.

आता वजनाविषयी. ०.९ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे सात किलो भरतो, तर तीन मिलिमीटरचे फायबर सुमारे साडेचार किलो. दोन्ही मडगार्डे मिळून दीड चौरस मीटर धरली, तरी बचत चार किलोंच्या आसपास, म्हणजे पाच-सहा लिटर पेट्रोलाइतकी होते. शर्यतीसाठीचे दीड मिलिमीटरचे पॅनेल याहून हलके असते खरे. पण पत्र्याच्या तुलनेत त्याचा ताठपणा जेमतेम एक षष्ठांश भरतो, आणि मुंबईच्या खड्ड्यांत ते थरथरून बोल्टच्या भोकांपाशी आधी तडकते. वजनासाठी फायबर घ्यावे, हे आपल्या बाबतीत मला पटत नाही. गंजासाठी घ्यावे, हे पटते.

मडगार्ड हाती आल्यावर त्याची आतली बाजू पाहावी, कारण बाहेरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) सगळेच चकचकीत करतात. मागे दिवा धरला असता पांढरट कोरडे धागे किंवा हवेचे बुडबुडे दिसले, अथवा अॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर पृष्ठभाग चिकट झाला, तर ते परत करावे. पहिल्या प्रकारात रेझिन (काचेचे धागे बांधून ठेवणारा चिकट द्रव) धाग्यांत मुरलेले नसते, दुसऱ्यात ते पुरते पिकलेले, म्हणजे घट्ट झालेले नसते. बोल्टच्या जागी आत धातूची पट्टी आणि रुंद वॉशर हवेत. रंगाआधी मडगार्ड गाडीवर बसवून दार आणि बॉनेटशी येणारी फट तपासावी. (आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर माल मन लावून भरतात, पण त्यांच्या लेखी बोटभर फट म्हणजे काहीच नव्हे.) फट लांबी (पुट्टी) भरून बुजवू देऊ नये.

फायबरमधून वीज वाहत नाही. मडगार्डावरच्या ज्या दिव्याचे अर्थिंग पत्र्यातून होत असे, त्याला वेगळी तार बॉडीपर्यंत ओढावी. अन्यथा दिवे मंद जळतील आणि दोष विनाकारण बॅटरीला दिला जाईल.

गडद हिरव्याविषयी थोडे सावध करतो. साधे पॉलिएस्टर रेझिन साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गडद गाडीचा पृष्ठभाग तेथवर सहज तापतो. मग काही महिन्यांनी रंगाखालून धाग्यांची वीण उमटते. हिरवाच हवा असेल, तर जास्त उष्णता सोसणारे आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन मागावे, आणि पॅनेल रंगवण्यापूर्वी उष्णता देऊन पूर्ण पिकवून घ्यावे.

जुनी मडगार्डे भंगारात देऊ नयेत. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ सालापासून असलेली ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट घालते. त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या फेरफटक्यासाठी चालवता येत नाही, म्हणून आज ती आपल्या कामाची नाही; पुढे विचार बदलला, तर सडका का होईना, मूळ पत्रा दुरुस्तीसाठी हाताशी असलेला बरा. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. आणि पॅनेल पावसाळ्यात बनवून घेऊ नये, कारण दमट हवेत ओल धरलेल्या धाग्यांत रेझिन नीट मुरत नाही; दिवाळीनंतर साच्यात भरलेले मडगार्ड मागावे.