पटाशी पाठीवरून पारखावी

रंधा, डिंक आणि पॉलिशच्या पत्रांना या अंकात रजा. पटाशीबद्दल, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट छिन्नीबद्दल, इतक्या जणांनी विचारलंय की सगळी जागा तिलाच दिली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं तासलीत. राग मानू नये.

काका, हौस म्हणून सुतारकाम सुरू केलंय. खोकी, छोटी स्टुलं, एखादं शेल्फ एवढंच करतो. बारा पटाश्यांचा पेटीतला सेट घेऊ की सुट्या? आणि दुकानात हातात घेतल्यावर चांगली-वाईट ओळखायची कशी?

पेटी देखणी असते, पण तिचेही पैसे तुम्हीच भरता. बारांतल्या चार रोज लागतात, उरलेल्या आठ गंज धरत बसतात. ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटर अशा चार सुट्या घ्या. कुसाची खाच, म्हणजे दुसऱ्या लाकडाची जीभ (कूस) बसते ते भोक, साधारण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश रुंद ठेवतात. म्हणजे १८-२० मिलिमीटरच्या फळीला ६ ची पटाशी चालते आणि ३६ च्या पायाला १२ ची. १८ आणि २५ या सफाईच्या, बिजागरीचं घर काढायच्या, कुसाचे गाल तासायच्या. एक सांभाळा. इंची आणि मिलिमीटरची माळ मिसळू नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १२ च्या बिटाने पाडलेल्या खोबणीत ती पटाशी उतरत नाही, आणि मग माणूस चिडून ठोकतो.

आता पारख. दुकानात बहुतेक जण आधी मूठ बघतात, मग नखावर धार बघतात. दोन्हींना तूर्त अर्थ नाही. मूठ बदलता येते आणि कारखान्याची धार कशीही असली तरी घरी नव्याने लावायचीच असते. बदलता येत नाही, किंवा बदलायला फार घाम गाळावा लागतो, ती गोष्ट म्हणजे पाठ. पटाशीची उतार नसलेली, सपाट बाजू. धार म्हणजे उतार आणि पाठ जिथे मिळतात ती रेघ. त्यातली एक बाजू वाकडी असेल तर रेघ सरळ येणार कुठून? शिवाय लाकूड तासताना पाठच लाकडावर टेकते, तीच पटाशीला वाट दाखवते. तिला पोट असेल, म्हणजे मधोमध फुगवटा असेल, तर पटाशी लाकडावर डुलते आणि कुसाचा गाल कधीच सपाट येत नाही.

तपासायचं असं. स्टीलची फूटपट्टी सोबत न्या. पटाशी उजेडाकडे धरा, पट्टीची कड पाठीवर आधी लांबीत टेकवा, मग आडवी, मग दोन्ही कर्णांत. धारेकडची शेवटची इंचभर जागा महत्त्वाची. मधे उजेडाची बारीक फट दिसली आणि दोन्ही टोकं टेकली, तर पाठ किंचित खोलगट आहे. ती घ्या. दगडावर घासली की टोकं आधी घासली जातात आणि काम लवकर आटपतं. उलट पट्टी मधे टेकून टोकांशी डुलत असेल तर पटाशी परत ठेवा, मग तिच्यावर कोणाचंही नाव कोरलेलं असो. पोट काढायचं म्हणजे धारेपासून मागपर्यंतचं सगळं पोलाद उतरवत जायचं. जपानी पटाश्यांच्या पाठीला मुद्दाम खोलगट भाग ठेवलेला असतो तो याचसाठी: घासायला कडेची पट्टी तेवढी उरते.

पाठीनंतर बाजू. डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे तिरके दात एकमेकांत अडकवून केलेला जोड, करणार असाल तर पटाशी बेव्हल-एज हवी, म्हणजे वरच्या दोन्ही कडा तासून उतरत्या केलेली. पण नुसतं नाव पुरत नाही. कित्येक पटाश्यांच्या बाजूंना पाठीलगत दोन-तीन मिलिमीटरची उभी भिंत ठेवलेली असते. १:६ किंवा १:८ उताराच्या डव्हटेलच्या कोपऱ्यात ती भिंत शिरते आणि शेजारची कड चेपते. ही भिंत धारेजवळ एक मिलिमीटरच्या आत असावी. फक्त फ्रेम आणि खाचा करणार असाल तर मात्र फर्मर, म्हणजे कडा न उतरवलेली जाड, चौकोनी पटाशीच बरी. ती मार खाते, तरफेसारखी वापरली तरी वाकत नाही.

नंतर तोल. मुठीच्या खाली, पात्याच्या गळ्याशी बोटं ठेवून धरा, लिहायला पेन धरतो तशी. मुठीचं डोकं मागे ओढत असेल तर बारीक काम करताना मनगट दुखेल. पातं मुठीशी एका रेषेत आहे का तेही वरून बघून घ्या. वाकडं बसवलेलं पातं मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, प्रत्येक घाव तिरका खातं.

पाकिटावर ‘एचआरसी ६२’, ‘क्रोम व्हॅनेडियम’, ‘ए-२’ असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं काय बघावं?

एचआरसी म्हणजे रॉकवेल सी मापाने मोजलेली कडकपणाची पातळी. पटाशीला ५८ ते ६२ च्या मधलं पोलाद लागतं. ५८ च्या खाली धार लवकर मुडपते. जपानी पटाश्या ६३ ते ६५ पर्यंत जातात. पण त्यांच्यात कडक पोलादाचा थर पातळ असतो, त्यावर मऊ लोखंडाची जाड पाठराखण असते, म्हणून त्या तग धरतात. सबंध पातंच तेवढं कडक असतं तर पहिल्या गाठीवर तुकडा उडाला असता.

कडकपणा एकटा बघू नका. ओ-१ हे साधं तेलात पाणी दिलेलं, म्हणजे तापवून तेलात थंड करून कडक केलेलं पोलाद; दगडावर पटकन धरतं, धार अगदी बारीक येते, आणि थोड्या लवकर परत लावावी लागते. ए-२ धार जास्त वेळ टिकवतं, पण २५ अंशांच्या बारीक कोनात त्याची किनार खिरते. त्याला ३० किंवा त्याहून जास्त द्यावा लागतो, आणि साध्या ऑइल स्टोनवर ते दाद देत नाही, डायमंड प्लेट लागते. व्हेरिटास या अवजारांच्या कंपनीचं पीएम-व्ही ११ हे भुकटीपासून केलेलं पोलाद दोन्हींचा बऱ्यापैकी मेळ घालतं. क्रोम-व्हॅनेडियम हे नुसतं मिश्रणाचं नाव आहे. त्याच्या चांगल्या पटाश्याही निघतात आणि पाने-पक्कडही निघतात. पोलादाचं नाव छापता येतं, पण त्याला पाणी कसं दिलंय ते पाकिटावर दिसत नाही.

ते कळतं मऊ लाकडाच्या टोकावर. पाइनचा तुकडा घ्या, त्याच्या आडव्या छेदावरून, म्हणजे रेषांची टोकं दिसतात त्या बाजूने, हाताच्या जोराने पातळ पापुद्रा काढा. कडक लाकूड बोथट पटाशीही कसंबसं कापते, पण पाइनचे मऊ तंतू बोथट धारेपुढे दबतात आणि मागे खडबडीत, पांढुरकं तोंड राहतं. धार खरी असेल तर तिथे मेणासारखी चमक येते आणि वलयं मोजता येतात. नवीन पटाशीला धार लावा, हा कट घ्या, मग खाचा मारून परत हाच कट घ्या. चमक किती वेळ टिकली तेवढं पोलाद चांगलं.

मूठ लाकडाची की प्लॅस्टिकची?

कामाच्या जागेवर नेणार, हातोडी लागणार, पावसात राहणार तर प्लॅस्टिकची, डोक्यावर लोखंडी टोपी असलेली. बाकाजवळ बसून काम करणार तर लाकडाची. ती हलकी असते आणि घामट हातात घसरत नाही. लाकडी मुठीला मोगरी वापरा, लोखंडी हातोडी नको. अपवाद डोक्यावर कडी चढवलेल्या जपानी मुठींचा. त्या हातोडीसाठीच असतात, पण कडीच्या वर थोडं लाकूड येईल अशी कडी खाली उतरवून वरचं लाकूड ठोकून फुलवावं लागतं. तशीच्या तशी वापरली तर घाव कडीवर बसतो आणि ती उडते. मुठीच्या खालच्या टोकाला शेंबी, म्हणजे धातूचं कडं, आहे का, घट्ट आहे का, तेवढं बघा. शेंबी ढिली म्हणजे मूठ आज ना उद्या फुटणार.

आजोबांच्या चार-पाच पटाश्या माळ्यावर सापडल्या. गंजलेल्या आहेत, दोन मुठी फुटल्यात. नवीन घेण्यापेक्षा याच नीट करू का? मला धार लावायचा अनुभव नाही.

करा, बाई. पण सगळ्या नाही. एकेक उचला आणि पुन्हा पाठच बघा.

वरचा तपकिरी गंज घाबरण्यासारखा नसतो. बारीक स्टील वूल आणि तेलाने तो निघतो. भीती आहे ती खड्ड्यांची. गंज पोलादात उतरून टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. ते उताराच्या बाजूला असतील तर काही बिघडत नाही, मुठीजवळ असतील तरी चालतं. पण पाठीवर, धारेपासून पहिल्या अर्ध्या इंचात असतील तर धार लावता लावता एक ना एक खड्डा धारेवर येणार आणि तिथे दाता पडणार. अशी पटाशी रंगाचे डबे उघडायला ठेवा. हे मी गंमतीने म्हणत नाही. एक अशी हाताशी असली की चांगल्यांवर ती वेळ येत नाही.

दुसरं, धारेजवळ निळा किंवा जांभळा डाग शोधा. कोणीतरी बेंच ग्राइंडरवर जोर लावला की तो उमटतो. निळा रंग येतो साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तोवर पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. तो भाग पूर्ण घासून मागच्या चांगल्या पोलादापर्यंत जावं लागेल. डाग दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर जा. शंका असेल तर चांगल्या कानशीचा कोपरा पाठीच्या कडेला हलकेच फिरवा. कानस घसरून गेली तर पाणी शाबूत आहे, लोखंडासारखी चावत गेली तर नाही.

निवडलेल्या पटाशीची पाठ आधी घ्या. मार्करने पाठीचा शेवटचा इंचभर भाग काळा करा आणि ३०० च्या आसपासच्या डायमंड प्लेटवर (आकडा जितका मोठा तितकी घासायची बाजू बारीक) पाठ सपाट दाबून मागे-पुढे न्या. शाई कुठे गेली त्यावरून उंचवटे कळतात. धारेला लागून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शाईचा ठिपका उरला नाही की थांबा. मागचा सगळा भाग आरशासारखा करायची गरज नाही, त्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. मग १००० च्या, नंतर ६००० च्या दगडावर तेच. उतार २५ अंशांचा ठेवा आणि अगदी टोकाला ३० अंशांची दुसरी बारीक पट्टी द्या. पुढच्या वेळी ती पट्टीच घासायची, सबंध उतार नाही. घासताना पाठीकडे बोटाला लागेल अशी बारीक कड वळते. ती लागली म्हणजे धार पोचली. पाठ दगडावर सपाट ठेवून ती कड काढून टाका. इथे पटाशी एक केसभरही उचलायची नाही, नाहीतर आत्ताच केलेली पाठ धारेपाशी गोल होते. हात सराईत होईपर्यंत पटाशी ठरलेल्या कोनात धरून ठेवणारं होनिंग गाइड वापरा, त्यात कमीपणा नाही.

फुटलेल्या मुठी घाई करून फेकू नका. पात्याचं टोक मुठीत घुसलेलं असेल तर नवी मूठ बसवताना आधी टोकापेक्षा किंचित बारीक भोक पाडावं लागतं, आणि जुनी मूठ त्याचं माप देते.

मी व्यवसायाने फर्निचर करतो. नवीन, चांगली महाग पटाशी घेतली आणि सागवानात पहिल्याच आठवड्यात धार खराब. दुकानदार म्हणतो कोन वाढवा. पटाशीच खराब आहे का?

भिंगाखाली धार बघितल्याशिवाय कोणाचंच ऐकू नका, माझंही. तुकडे उडून करवतीसारखे दाते दिसत असतील तर पोलाद कडक आहे आणि कोन कमी पडतोय. ३० वर असाल तर ३३ करा. धार एका बाजूला वळून मुडपलेली दिसत असेल तर पोलाद मऊ, कोन वाढवून फार तर दिवस ढकलाल. आणि दोन्ही नाही, नुसती गोल झाली असेल तर दोष सागवानाचा. त्यात सिलिका, म्हणजे वाळूतला कडक पदार्थ, असते, ती पोलाद घासते. प्लायवूडच्या डिंकानेही तेच होतं. अशा कामाला धार वारंवार लावावीच लागते, महागड्या पटाशीलाही.

तुकडे उडत असतील तर अजून एक करून बघा. कारखान्यात पात्याचा टोकाचा पातळ भाग कधी जास्त तापलेला असतो. दोन-तीन मिलिमीटर घासून मागे गेलात की तीच पटाशी नीट वागायला लागते. ग्राइंडरवर करणार असाल तर बोटाला सोसेल इतकंच तापू द्या, सारखं पाण्यात बुडवा. त्यानंतरही उडत असेल तर बदलून मागा. आणि खाचेतला ढलपा काढताना पटाशी तरफेसारखी उचकटता का, ते प्रामाणिकपणे आठवा. बेव्हल-एज पटाशीचं टोक त्यानेच तुटतं. खोल खाचांसाठी जाड मॉर्टिस पटाशी वेगळी ठेवा, किंवा आधी ड्रिलने भोकं पाडून फक्त भिंती तासा.

एकच घेता येणार असेल तर?

१८ ची बेव्हल-एज. आणि त्याच फेरीत दगडही घ्या, दगडाविना ती पहिल्या कामापुरतीच.