स्क्रीन नसलेला जुना मेटल डिटेक्टर शिकण्यात अर्थ आहे का?

आहे. तुम्ही लिहिलंय की १९८० च्या दशकातला चार नॉब आणि एक काटा असलेला व्हीएलएफ (अतिकमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा) डिटेक्टर हाती आलाय, तो सतत कुरकुरतो, आणि 'स्क्रीन नाही म्हणजे भंगार' असं कुणीतरी ऐकवलंय. तो शिकावा का आणि किती खोलवरचं पकडेल, हे तुम्हाला हवंय. 'भंगार' वाचलं म्हणून लिहायला बसलो. ज्यांनी ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे मातीचा आवाज दाबणारा नॉब एकदाही नीट फिरवलेला नाही, तेच हा शब्द वापरतात.

आधी कुरकुर. पहिला संशय सेलवर घ्या. आठ पेन्सिल सेलवर चालणाऱ्या मशीनला नवे अल्कलाइन सेल १२ व्होल्ट देतात, रिचार्जेबल सेल १.२ प्रमाणे ९.६ च देतात. काही मशीनना ते चालतं, काहींचा आवाज स्थिर राहत नाही. म्हणून पहिली चाचणी नव्या अल्कलाइनवरच करा आणि व्होल्टेज मोजायचं ते मशीन चालू ठेवून. बंद मशीनमध्ये मेलेला सेलही चांगला दिसतो. पट्ट्यांवर अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी धरली असेल, तर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचं तेल तिथे मारू नका. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असू शकतात. बदलायचे तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि टोकं उलटी लावू नका. पण कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, तिच्या सर्किटमधले फिल्म कपॅसिटर आणि बोर्डावरचे बारके ट्रिमर (पेचकसाने फिरणारे) यांना हात लावायचा नाही. ते हलले की फ्रिक्वेन्सी आणि फेज (परतणारा सिग्नल किती मागे पडतो ते) दोन्ही सरकतात, आणि मग ते मशीन खरंच भंगार होतं.

कॉइल लाकडी खुर्चीवर, आसपास धातू नसेल अशी ठेवा आणि बोटाने हलकेच टिचकी मारा. मग केबल प्लगजवळ वाकवून बघा. वाकवताना मशीन किंचाळलं तर आतली तार तुटलीय. ती बहुतेक वेळा प्लगपाशीच तुटते, तेवढा भाग कापून तारा पुन्हा सोल्डर करा. केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, कारण लोंबकळणारी केबल प्रत्येक झोक्याला खोटा आवाज देते. दुसऱ्या मॉडेलची कॉइल, प्लग बसतो म्हणून लावू नका.

आता ग्राउंड बॅलन्स. निम्मी जुनी मशीनं इथेच बदनाम होतात. खनिजयुक्त माती स्वतःच सिग्नल परत पाठवते. त्या सिग्नलची फेज एका जागी बरीचशी स्थिर असते, आणि हा नॉब सर्किटला नेमक्या त्या फेजपुरतं बहिरं करतो. धातू नसलेली जागा शोधा आणि मशीन ऑल-मेटलवर, म्हणजे सगळे धातू ऐकू येतील असं ठेवा. थ्रेशोल्डचा (सतत चालणाऱ्या मूळ आवाजाचा) नॉब इतकाच फिरवा की शेजारच्या खोलीतल्या डासाएवढी गुणगुण ऐकू येईल. कॉइल जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर धरा, आवाज परत त्या गुणगुणीवर आणणारं रीट्यूनचं बटण दाबून सोडा, मग कॉइल ३-४ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा. आवाज वाढला तर बहुतेक मशीनमध्ये नॉब डावीकडे, मेला तर उजवीकडे. परिणाम उलटा दिसला तर तुमच्या मशीनची दिशा उलटी आहे, इतकंच. दहा फेऱ्यांचा नॉब असेल तर आधी अर्धी-अर्धी फेरी, जवळ आल्यावर फेरीचा आठवा भाग. दरवेळी कॉइल वर नेऊन पुन्हा रीट्यून करायचं. ही एक पायरी गाळली की आधीचा आवाज नव्या आवाजात मिसळतो आणि माणूस तासभर नॉबच फिरवत बसतो. वर-खाली करताना आवाज सारखा राहिला की जमलं. मी तो किंचित वाढता ठेवतो. तो मरता ठेवला तर खोलवरच्या लहान वस्तूचा बारीक सिग्नल त्या उतारात गडप होतो. मातीचा रंग किंवा ओल बदलली, किंवा उन्हाने मशीन तापलं, की हे सगळं परत.

स्क्रीनवाल्यांशी माझा वाद इथेच आहे. वस्तू कुठली ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा त्याच सिग्नलच्या फेजमधून निघतो. वस्तू खोल गेली की तिच्या सिग्नलमध्ये मातीचा सिग्नल मिसळतो, आकडा उड्या मारतो किंवा 'लोखंड' सांगतो, तेव्हाही कानाला गुणगुणीतली हलकी फुगवट ऐकू येते. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत युझेफ कोसात्स्की या पोलिश अभियंत्याच्या डिटेक्टरने सुरुंग शोधले गेले, ते हेडफोनमधल्या आवाजावर. लहान सोन्याची अंगठी, चांदीकागद आणि डब्याची ओढकडी यांची फेज इतकी जवळ असते की कुठलाही आकडा त्यांना खात्रीने वेगळं करत नाही. म्हणून डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको ते धातू गप्प करणारा नॉब लहान खिळा गप्प होईल इतकाच फिरवा. ओढकडी घालवायला गेलात की अंगठीही गेली.

कानाला आकार ओळखायला शिकवा. तुटक, कडेला स्पष्ट आवाज म्हणजे लहान आणि वरची वस्तू. रुंद, पसरट म्हणजे मोठी. मऊ, हळूच चढून हळूच उतरणारा म्हणजे खोल. आडव्या पडलेल्या खिळ्यावरून लांबीच्या दिशेने गेलात तर बहुधा दोन आवाज येतात, ९० अंश फिरून गेलात की एक. नाण्यावर दोन्हीकडून एकच येतो. मोनो प्लगची जागा असेल तर स्टिरिओ हेडफोनला अडॅप्टर लागेल, नाहीतर एकाच कानात ऐकू येईल.

आणखी एक: सुरुवातीच्या काळातली मोशन डिस्क्रिमिनेशनची (कॉइल हलत असतानाच धातू निवडणारी) मशीनं कॉइल वेगाने फिरवली तरच बोलतात. हळू फिरवल्यावर तुमचं मशीन गप्प राहिलं तर तो बिघाड समजू नका.

खोलीचं म्हणाल तर २० सेंटिमीटरची कॉइल, अडीच सेंटिमीटरचं नाणं आणि सौम्य माती असेल तर १५ ते २० सेंटिमीटर. खनिजयुक्त मातीत त्याच्या निम्मं धरा. हवेत नाणं हलवून घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका. तीन नाणी ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर, अर्ध्या मीटरच्या अंतराने पुरा, शेजारी एक खिळा पुरा, आणि रोज त्यावरून कॉइल फिरवा. पट्ट्याचं बक्कल आणि बुटातली लोखंडी पट्टी काढून ठेवा. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच उपकरणाने शोधत होता आणि गादीतल्या स्प्रिंगांनी घोळ घातला, असं सांगतात.

नव्या मशीनचं एक मान्य करतो: खाऱ्या ओल्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं जुनं व्हीएलएफ बेजार करतं. मीठ आणि खनिज यांची फेज वेगळी, एका नॉबने दोन्ही मरत नाहीत. तिथे अनेक फ्रिक्वेन्सीचं मशीन सरळ सरस आहे. संरक्षित स्मारकं आणि पुरातत्त्वीय जागांवर कुठलंच मशीन नेऊ नका, तुमच्याकडचा कायदा आधी वाचा, आणि तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर खणणं तिथेच थांबवून पोलिसांना कळवा.

तुमच्या मशीनवर 'ग्राउंड' लिहिलेला नॉबच नसेल तर ते व्हीएलएफ नसून बीएफओ किंवा साधं टीआर या आणखी जुन्या प्रकारांतलं असू शकतं. तसं असेल तर वरची ग्राउंड बॅलन्सची कृती सोडा, ट्यूनिंग कॉइल जमिनीलगत धरून करा आणि झोक्यात तिची उंची बोटभरही बदलू देऊ नका.