गाईडच्या दोराला बांधून बर्फाचं शिखर चढलं, तर ते ‘आपण चढलो’ असं म्हणता येतं का?

तुम्ही जालन्याचे, वय ४१, मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक गाईडसोबत करायचं म्हणताय. खर्च आणि तयारी विचारलीय, आणि शेवटी एक ओळ टाकलीय: मित्र म्हणतात, पैसे देऊन वर ओढून नेतात, त्यात कसलं आलंय गिर्यारोहण. खर्चाचं कुणीही सांगेल. मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय. तेच वाक्य मला माझ्या सख्ख्या चुलत्यांनी ऐकवलंय, चार पाहुण्यांसमोर.

मी सेलूचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. २०२३च्या जूनमध्ये परभणीहून सचखंड धरली, दिल्लीहून बसनं मनाली. सोलंगच्या वर, अटल बोगद्याच्या तोंडाजवळ धुंडी आहे, तिथून चालायला सुरुवात. पुढं बकरथाच, मग लेडी लेग नावाचा वरचा कॅम्प, आणि शिखर ५,२८९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी साडेतीनशे मीटर कमीच पडतात.

शिखराच्या आधी एक दिवस नुसता शिकण्यात गेला. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, घालून पाय फाकवून चालायचं, घसरलं तर पालथं पडून आईस अ‍ॅक्सचं, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीचं, टोक छातीच्या भारानं बर्फात रुतवायचं. हे लवकर जमलं. दोराचं जमेना. एका दोराला आम्ही काही जण ओळीनं बांधलेले. पुढचा माणूस थांबला की मधला दोर लोंबायचा, तो मी हातात गुंडाळून घ्यायचो. पसारा आवरायची सवय, दुसरं काय. गाईड हिमाचलचाच, पस्तिशीचा. दोनदा नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा खाली आला, माझ्या हातातले वेढे सोडवले आणि म्हणाला, “ढील नहीं चाहिए. हाथ में नहीं, बर्फ पे.” माझ्या हातात दोन हात दोर जास्तीचा असेल, तर मी पडल्यावर तेवढा दोन हात आणखी खाली जाणार, आणि त्या झटक्यानं दुसऱ्यालाही घेऊन जाणार. हे मला नंतर कळलं.

रात्री एकला निघालो. थंडीत बर्फ घट्ट असतं म्हणून ही वेळ. सकाळी शिखरावर होतो. वर काय वाटलं ते सांगत नाही, ते सगळ्यांना सारखंच वाटतं. उतरताना साडेनऊच्या सुमाराला ऊन चढलं होतं आणि बर्फ मऊ पडायला लागलं होतं. पायाखाली क्रॅम्पॉनला गोळे धरत होते, दर दहा पावलांना अ‍ॅक्सच्या दांड्यानं ठोकून पाडायचे. उतरताना गाईड सगळ्यात मागं, म्हणजे वरच्या बाजूला. आणि माझा डावा पाय गेला.

पडलो असं वाटलंच नाही. खाली जमीन असेल या हिशोबानं टाकलेला पाय जातच राहिला, मांडीपर्यंत. त्याच क्षणी कमरेला हार्नेसचा, म्हणजे दोर अडकवायच्या पट्ट्याचा, असा हिसका बसला की श्वास अडकला. मागं बघितलं तर गाईड अ‍ॅक्स रोवून तिच्यावर आडवा पडलेला, आणि आमच्यातला दोर तारेसारखा ताठ. मांडीच्या कडेनं फट उघडली होती. आत निळं, खाली काळंनिळं. त्या फटीतून गार वारा वर येत होता आणि त्याला ओल्या दगडासारखा वास होता. तो वारा मला ओळखीचा होता. पन्नास फूट विहिरीच्या काठावर वाकलं की तोंडावर येतो तो.

गाईड ओरडला, “हिलना मत.” मग हळूहळू सॅक काढायला लावली, छातीवर आडवं व्हायला लावलं, आणि दोराचा ताण तसाच ठेवून मला कोपरांवर सरकत बाहेर यायला सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील. सरकलो मी. धरलं त्यानं.

गावी आल्यावर हे सांगत होतो तेव्हा आप्पा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, “आरं, दावं बांधून वर नेतेत अन् तू मी चढलो म्हणायलास? बैल बी चढंल की मग.” सगळे हसले. मी गप्प बसलो.

गप्प बसलो कारण तोंडावर आलेलं बोललो असतो तर भांडण झालं असतं. ते इथं बोलतो. माझे वडील आणि आप्पा विहिरी पाडायचे. यारी, म्हणजे विहिरीतून वर ओढायचं यंत्र, लावायला पैसा नसायचा तेव्हाची गोष्ट. मुरूम संपून काळा पाषाण लागला की सुरुंग. खाली वडील, काठावर नाडा, म्हणजे जाड दोर, धरून आप्पा. बत्ती देऊन वडील नाडा हलवायचे आणि आप्पा न थांबता ओढून घ्यायचे. मी लहान होतो, मला काठाजवळ येऊ द्यायचे नाहीत, पण आप्पांचं “ताण ऱ्हाऊ द्या, ताण!” हे लांबवर ऐकू यायचं. हिमाचलमध्ये मला शिकवलं ते हेच, दुसऱ्या भाषेत. आप्पांच्या तळहातांवर नाड्याचे वळ अजून आहेत. आणि गावात कधी कुणी म्हणालं नाही की वडलांना तर ओढूनच काढलं, त्यांनी विहीर कुठं पाडली. दोघा भावांनी पाडली असंच गाव म्हणायचं.

१९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही, शिखराच्या काही आठवडे आधी, हिलरी खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे तुटक्या बर्फाच्या उतारावर, एका भेगेत गेले आणि तेनझिंगनी दोर ताणून धरला म्हणून वाचले. हिलरींनी एव्हरेस्ट चढलं नाही असं तुमचे मित्र म्हणतील का? तेव्हा म्हणता येतं, खुशाल म्हणा. पाय तुमचेच असतात. फ्रेंडशिपच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जरासं वर उरतो, त्यात एकेक पाऊल टाकणारा माणूस ओढलेला नसतो. फक्त गाईडचं नाव सांगायला विसरू नका. ‘मी एकट्यानं केलं’ असं सांगणारे मात्र मला खोटे वाटतात.

आता राहिलेलं. खर्च मला तेव्हा प्रवास, कपडे, सगळं धरून ५५ हजारांच्या आसपास आला. तयारी म्हणून मी चार महिने पाठीवर पंधरा किलो घेऊन एका तीन मजली इमारतीचे जिने पहाटे चढायचो, उन्हाळ्यात आपल्याकडं दुसरी वेळच नाही. पण दमसास वेगळा आणि उंचीची सवय वेगळी. आमच्यातला सगळ्यात तगडा पोरगा लेडी लेगला डोकं धरून बसला, उलट्या सुरू झाल्या, गाईडनं त्याला त्याच संध्याकाळी खाली धाडला. रडला तो. बरोबर केलं गाईडनं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये असं डॉक्टर सांगतात. आणि बुकिंग करताना हवामानासाठी राखीव दिवस आहे का आणि एका दोरावर किती जण असतात, हे दोन प्रश्न आधी विचारा. राखीव दिवस नसेल तर जाऊ नका, स्वस्त असलं तरी.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, मनानं घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, बीपीची गोळी चालू असेल तर तेही.

आणि गाईड आहे म्हणजे काही होत नाही, असंही माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले, त्यांच्यात चांगले तयार लोक होते. घरी हे सांगून जा. मी सांगितलं नव्हतं, आप्पांनी ते पेपरात वाचलेलं होतं, आणि मी परत येईपर्यंत ते रोज दुकानावर येऊन बसत होते, हे मला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं.

बूट मनालीत भाड्यानं मिळतात. जाड मोजे घालून संध्याकाळी घालून बघा, सकाळी नको. दिवसभर चालून पाय फुगतो.